हिजामा-कपिंगचं सामान: संच नको, सुटं घ्या

कपिंग म्हणजे कातडीवर कप लावून आतली हवा ओढून घेणं; हिजामात त्याबरोबर बारीक चिरा देऊन थोडं रक्तही काढतात. याचं सामान घ्यायला गेलं की दुकानदार आधी चोवीस कपांची पेटी पुढे सरकवतो. ठाण्यात नौपाडा-गोखले रोडच्या पट्ट्यातलं सर्जिकलचं दुकान असो, वाशी-नेरूळमधलं असो, की मुंब्रा-कौशातलं हिजामाचं सामान ठेवणारं, पेटी बहुतेक तीच आणि वाक्यही तेच: "डॉक्टर, सगळे हेच नेतात." घरी कधीतरी खांद्यावर लावायला ती पेटी वाईट नाही. रोज पेशंट बघणाऱ्या दवाखान्यासाठी मात्र ती चुकीची खरेदी आहे, कारण तिच्यात हिशेब उलटा मांडलेला असतो. कप जन्मभर पुरतील असं धरलेलं असतं आणि पंप वर फुकट दिल्यासारखा. दवाखान्यात कप संपत जातात आणि टिकावा लागतो तो पंप. म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो: पंप वेगळा निवडा, कप मापाप्रमाणे सुटे घ्या, आणि रक्ताला लागणारी प्रत्येक वस्तू एकदाच वापरायची असं धरूनच खर्च मांडा.

आता पेटी उघडून बघू. पारदर्शक प्लॅस्टिकचे पाच-सहा मापांचे कप, पिस्तुलाच्या आकाराचा हातपंप, एक लवचिक नळी, कपाच्या आत बसवायची चुंबकी टोकं आणि पाठीवर ठिपके काढलेलं माहितीपत्रक. पाठीला खरे लागतात ते साडेचार ते साडेपाच सेंटीमीटर तोंडाचे कप, आणि पेटीत तेच मोजके असतात. एका पेशंटच्या पाठीवर आठ लावले की मोठे कप संपले. दुसऱ्या खाटेवरचा माणूस ताटकळतो. गुडघ्या-कोपरासाठी दिलेले वाकड्या काठाचे कप दिसायला हुशार, पण प्रत्येकाच्या गुडघ्याचा बाक वेगळा, त्यामुळे ते एका बाजूने हवा घेतात. तिथे तीन सेंटीमीटरचे साधे कप दोन-तीन लावलेले बरे.

चुंबकी टोकं काढून बाजूला ठेवा. त्यांचा उपयोग होतो याला ठोस आधार नाही, खाचेत तेल आणि मळ साठतो तो निघत नाही, आणि पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या छातीजवळ चुंबक नेणं धोक्याचं आहे. माहितीपत्रकावरचं "शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर" हेही पेशंटला वाचून दाखवू नका. मान-कंबरेच्या दुखण्यात आराम पडतो असं सांगणारे अभ्यास आहेत, तेही फार भक्कम नाहीत. त्यापलीकडचं विकणाऱ्याचं बोलणं.

मापाच्या नंबरावर विश्वास ठेवून फोनवर ऑर्डर देऊ नका. प्लॅस्टिकच्या पंपवाल्या कपांत बहुधा १ नंबर सगळ्यात मोठा असतो. चिनी पद्धतीच्या काचेच्या कपांत बहुधा १ नंबर सगळ्यात छोटा. एकच नंबर सांगून दोन दुकानांतून दोन भलतेच कप येतात. ऑर्डर मिलिमीटरमध्ये द्या आणि माप तोंडाच्या आतल्या व्यासाचं आहे की बाहेरच्या, हे विचारा. जाड काठाच्या कपात या दोन मापांत पाच-सहा मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

कपाचं प्लॅस्टिक पॉलिकार्बोनेट हवं. दुकानात ओळखायचं कसं? रिकाम्या कपाला नखाने टिचकी मारा. पॉलिस्टायरीनचा स्वस्त कप खणकन वाजतो, पॉलिकार्बोनेटचा आवाज बोदा येतो आणि तोंड दोन बोटांनी दाबलं तर किंचित लवून परत येतं. पॉलिस्टायरीन दाबलं की कडकडतं, कधी तिथेच तडकतं. चांगल्या पॉलिकार्बोनेटचेही दोन शत्रू आहेत: सोड्यासारखी जहाल धुण्याची पावडर आणि उडणाऱ्या तेलांचे मलम. कापूर, निलगिरी, ओव्याची फुलं, विंटरग्रीन असलेलं तेल चोळून त्यावर कप लावले तर काही आठवड्यांत काठापासून बारीक तडे वर चढतात. त्या तड्यांतून हवा आत जाते आणि "पंप खराब झाला" म्हणून आपण पंप बदलतो. ड्राय कपिंगच्या (चिरा न देता नुसते कप लावायच्या) आधी तेल लावायचंच तर साधं तिळाचं किंवा खोबऱ्याचं, तेही काठाखाली पातळ; औषधी तेल कप काढल्यावर चोळा.

काठ तपासायला दुकानातला आरसा किंवा काउंटरची काच पुरते. कप उपडा ठेवा आणि वरून बोटाने हलकेच ढकला. डुगडुगला तर काठ समतल नाही, सोडून द्या. मग काठावरून कापसाचा बोळा गोल फिरवा. साच्याची शिवण काठावर राहिली असेल तर कापसाचे तंतू नेमके तिथे अडकतात, आणि ओढ लागल्यावर पेशंटच्या पाठीवर तिथेच ओरखडा येतो. शेवटी काठाला पाण्याचं बोट लावून कप काचेवर ठेवा, पंपाने दोन-तीन वेळा ओढा, पंप काढा आणि पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. तेवढ्यात दुकानदाराशी भावाचं बोलून घ्या. पंधरा मिनिटांनी कप घट्ट असेल तर व्हॉल्व्ह ठीक. हात लावताच सुटला तर आतलं वायसर बसलेलं नाही. शंभराच्या पिशवीतून दहा कप असे तपासावेत. त्यांतले दोन जरी सुटले तरी पिशवी परत करा, सुट्टे बदलून घेत बसू नका. तो सगळा लॉटच तसा असतो.

व्हॉल्व्हची रचना साधी आहे. मध्ये एक दांडी, तिच्या पोटाला रबराचं वायसर. पंप हवा ओढतो तेव्हा वायसर वर उचलतं, पंप सुटला की बाहेरची हवा त्याला दाबून बसवते. दांडी वर खेचली की हवा आत शिरते आणि कप सुटतो. कप ओढून उपटू नये ते याचसाठी, दांडी खेचायची. आता या रचनेत रक्त गेलं की काय होतं, ते लक्षात घ्या. वेट कपिंगमध्ये (चिरा देऊन रक्त काढण्यात, म्हणजे हिजामात) कप जास्त भरला किंवा पेशंट कुशीवर असला की रक्त वायसरखाली शिरतं. ते तिथे सुकतं आणि बाहेरून दिसत नाही. ब्रश तिथे पोचत नाही, हायपोच्या (सोडियम हायपोक्लोराइटच्या) पाण्यात बुडवलं तरी आत हवेचा बुडबुडा अडकून द्रावण पोचत नाही. आणि ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्यात) घातलं तर पॉलिकार्बोनेट काही फेऱ्यांनी पिवळं-ठिसूळ होतं, वायसर त्याच्याही आधी आकसतं. "त्याच पेशंटचा कप नाव लिहून ठेवतो, पुढच्या वेळी त्यालाच वापरतो" ही काही ठिकाणची पद्धत बचतीची वाटते, पण आठवडाभर सुकलेलं रक्त ओल्या हवेत ठेवून परत चिरलेल्या कातडीवर लावण्यासारखं ते आहे. रक्त लागलेला कप टाकायचाच.

म्हणून खर्चाचा हिशेब असा करा. दिवसाला पाच वेट पेशंट, प्रत्येकी सहा कप, म्हणजे तीस. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ७८० कप. हा आकडा समोर ठेवला की चोवीसच्या पेटीचा प्रश्नच उरत नाही. घासाघीस करायची ती हजाराच्या भावावर, सीलबंद सुट्या कपांच्या. एका खेपेला मात्र महिन्या-दीड महिन्याहून जास्त माल भरू नका. निर्जंतुक पाकिटाला मुदत असते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तळमजल्याच्या गाळ्यात ठेवलेली कागदी पाकिटं ओल धरतात. ओलं झालेलं पाकीट सुकलं तरी ते निर्जंतुक राहिलेलं नसतं.

निर्जंतुक म्हणजे काय, तेही पाकीट हातात घेऊन बघा. एका बाजूने कागद, दुसऱ्या बाजूने प्लॅस्टिकची फिल्म, चारही कडा उष्णतेने चिकटवलेल्या, बॅच नंबर, निर्जंतुक केल्याची पद्धत, मुदत आणि रंग बदलणारी खूण. याच्या उलट, बाजारात साध्या पॉलिथिनच्या पिशवीत दहा कप घालून वर कागदी पट्टी स्टेपल केलेली असते आणि पट्टीवर ठळक छापलेलं असतं: निर्जंतुक. स्टेपलच्या पिनेने पिशवीला दोन भोकं पाडलेली असतात! असा माल ड्राय कपिंगला धुऊन वापरता येईल, वेटला नाही.

आता पंप, कारण पैसे घालायचे ते इथे. नोझलवर अंगठा घट्ट दाबा, दांडा ओढा आणि सोडा. चांगला पंप सोडताच दांडा सटकन परत खेचतो. दांडा ओढलेल्या जागीच राहिला किंवा सावकाश सरकला तर पिस्टनच्या ओ-रिंगवरून (रबराच्या कड्यावरून) हवा जाते. पिस्तुलाच्या घाटाचा घ्यायचा तर घोड्याची खीळ बघा. प्लॅस्टिकची खीळ सगळ्यात आधी तुटते. दिवसाला तीस-चाळीस कप म्हणजे शंभरच्या वर ओढी होतात, ते तिला झेपत नाही. धातूची खीळ, स्क्रूने उघडणारी बॉडी आणि जादा ओ-रिंग मिळत असेल तरच पंप घ्या. बॉडी चिकटवलेली असेल तर ओ-रिंग बदलताच येत नाही. ओ-रिंग कोरडी पडली की शीळ वाजते. तेव्हा सिलिकॉन ग्रीसचा एक ठिपका पुरतो. व्हॅसलीन किंवा खोबरेल लावलं की दोन दिवस पंप सुरेख चालतो, मग रबर फुगतं आणि दांडा अडकून बसतो.

नोझल आणि कपाची चोच यांचं माप सगळ्या कंपन्यांचं सारखं नाही. कोरियन हन्सोल आणि चिनी कांगझू ही नावं या बाजारात जास्त ऐकू येतात, शिवाय देशी माल आहेच. एकाचा पंप दुसऱ्याच्या कपावर बसेलच असं नाही. सुटे कप घ्यायला जाताना आपला पंप पिशवीत घालून न्या. खोक्यावरच्या नावापेक्षा हातातला कप काय सांगतो ते महत्त्वाचं.

"दोन ओढी हलकं, तीन ओढी मध्यम, पाच ओढी जोरदार" असं जे शिकवलं जातं, ते सगळ्या कपांना लागू होत नाही. पंपाची एक ओढ ठरावीक हवा काढते. समजा पंपाच्या नळकांड्याचा आतला व्यास तीन सेंटीमीटर आणि दांड्याची चाल सहा सेंटीमीटर. म्हणजे एका ओढीला साधारण ४० मिलिलिटर. मोठ्या कपात १०० मिलिलिटर हवा मावते असं धरलं तर पहिल्या ओढीत साधारण २२० मिमी पारा इतकी निर्वात ओढ तयार होते, दुसऱ्या ओढीत ३७०, तिसऱ्यात ४८०. हाच पंप २५ मिलिलिटरच्या छोट्या कपाला लावा: पहिल्याच ओढीत ४७०! कातडी वर उचलते, थोडी हवा गळते, नळीतली हवाही मोजणीत येते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे हलतात; प्रमाण मात्र हेच राहतं. साधारणपणे १०० ते ३०० मिलिबार (७५ ते २२५ मिमी पारा) हलकं, ३०० ते ५०० मिलिबार मध्यम आणि त्यावर जोरदार मानतात. छोट्या कपाला एक पूर्ण ओढसुद्धा जोरदारमध्ये मोडते. मानेवर, कानशिलाजवळ फोड येतात ते यामुळे, आणि दोष मात्र "नाजूक कातडी"ला दिला जातो. छोट्या कपाला अर्धी ओढ द्या. आपल्या कपात किती मावतं हे मोजायला कपात काठोकाठ पाणी भरायचं आणि औषधाच्या मापात ओतायचं. प्रत्येक मापाचा आकडा एका कागदावर लिहून पंपाच्या कपाटाला चिकटवा.

नळी जोडून पंप वापरायची सवय चांगली. पंप कपाच्या सरळ डोक्यावर बसत नाही, त्यामुळे रक्त उसळलं तर आधी नळीत दिसतं. नळीत रक्त दिसलं की नळी टाका आणि पंपाची नोझल उघडून बघा. वेट कपिंगमध्ये कप एक तृतीयांशापलीकडे भरू देऊ नये, तोही याच कारणाने.

विजेवर चालणारे पंप दोन जातीचे. दाबाचं घड्याळ असलेलं साधं सक्शन मशिन, मध्ये काचेची बरणी आणि जिवाणू अडवणारा फिल्टर: खाटा दोनापेक्षा जास्त असतील तर घ्यावं. ओढ किती आहे ते डोळ्यांना दिसतं आणि मनगटाला होणारा त्रास वाचतो. फिल्टर वेळच्या वेळी बदला, बरणी रोज धुवा. दुसरी जात चार्जिंगच्या कपांची, डोक्यावर लाल दिवा, उष्णता आणि बटणं. तो कप पाण्याखाली धरता येत नाही. जे धुता येत नाही ते पेशंटच्या अंगाला लावू नये, विषय संपला.

काचेच्या कपांबद्दल मत थोडं वेगळं आहे, कारण ते खरोखर ऑटोक्लेव्ह होतात आणि नीट वापरले तर वर्षानुवर्षं जातात. काच बोरोसिलिकेट घ्या. उजेडात धरून आत बुडबुडे आहेत का बघा. बुडबुड्याच्या जागेवरूनच काच फुटते. काठ जाड, गोल वळवलेला हवा. पोट मोठं आणि तोंड त्यामानाने लहान असा घाट आगीच्या कपिंगला (आत ज्योत नेऊन हवा तापवून कप अंगावर टेकवायला) सोयीचा, तापलेली हवा आत टिकते. वर रबराचा फुगा असलेले काचेचे कप वेट कपिंगला कधीच नकोत. रक्त फुग्यात ओढलं जातं आणि फुगा आतून धुता येत नाही.

भाजण्याचे प्रकार जवळजवळ नेहमी तीन कारणांनी होतात: बोळा नीट पिळलेला नसतो आणि पेटतं स्पिरिट टपकतं, ज्योत कपाच्या काठाला लागते आणि काठ तापतो, किंवा ज्योत आत फार वेळ धरली जाते. आर्टरी फोर्सेपमध्ये (पकड अडकून राहणाऱ्या चिमट्यात) कापूस घट्ट धरा, स्पिरिटमध्ये बुडवा, बाटलीच्या तोंडावरच पिळून घ्या, बाटलीचं झाकण लावून ती हाताच्या अंतराबाहेर ठेवा आणि मगच काडी ओढा. ज्योत कपाच्या पोटात नेऊन एक-दोन सेकंदांत बाहेर, कप लगेच अंगावर. पंखा बंद, एसीचा झोत खाटेवर येत असेल तर तोही बंद. पावसाळ्यात उघड्या डब्यातला कापूस ओल धरतो, धुमसतो, आणि मग माणूस स्पिरिट जास्त घेतो. कापूस झाकणाच्या डब्यात ठेवला की निम्मा धोका तिथेच टळतो. पंपाचे कप हाताशी असताना आगीचे कप नव्या माणसाच्या हातात देऊ नयेत.

सिलिकॉनचे कप तेल लावून सरकवायच्या कपिंगला उत्तम, बाकी कशाला नाही. दोन मापांचे दोन-दोन पुरेत. कप पिळून बघा. पिळल्या जागी पांढुरका पडला तर त्यात स्वस्त भर (फिलर) मिसळलेली आहे. अपारदर्शक रंगीत कप टाळा, खालची कातडी किती काळवंडली ते दिसत नाही. वापरल्यावर साबणाने तेल काढून दहा मिनिटं उकळा.

शिंग आणि भोपळ्याची तुंबडी अजूनही काही जण आवडीने मागतात. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या १३व्या अध्यायात वातदुष्ट रक्ताला शृंग (शिंग), पित्ताला जलौका (जळू) आणि कफाला अलाबू (भोपळा) सांगितले आहेत, आणि शिकवताना ते दाखवायला हवेतच. पण शिंग आणि भोपळा या दोन्ही सच्छिद्र वस्तू, त्या निर्जंतुक होत नाहीत. त्यांची जागा कपाटात, काचेआड. बांबूच्या कपांचंही तेच.

ब्लेडच्या बाबतीत दुकानदार ११ नंबर पुढे करतो, कारण तो जास्त खपतो. हिजामाच्या बारीक उथळ रेघांसाठी १५ नंबर बरा. ११चं टोक सरळ आणि अणकुचीदार, हात किंचित तिरका झाला की टोक खोल जातं. १५ची धार गोल असल्याने ती पृष्ठभागावर राहते. दोन्ही ३ नंबरच्या दांडीला बसतात, पण दांडी निर्जंतुक करत बसण्यापेक्षा प्लॅस्टिकच्या मुठीसह येणारं एकदाच वापरायचं ब्लेड घेतलेलं चांगलं. ब्लेड बदलावं लागलंच तर बोटांनी नाही, फोर्सेपने. लॅन्सेट (टोचायची बारीक सुई) वापरणाऱ्यांनी एकेक सुटी, स्प्रिंगची, एकदा उडाली की लॉक होणारी घ्यावी. प्रत्येक टोचणी सारख्या खोलीची होते. बहुटोकी पेन, ज्यात नुसती टोपी बदलायची असते, तो नको. टोपीच्या आतल्या कडेला रक्त लागतं आणि पेन पुढच्या माणसाकडे जातो. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे ब्लेडचं पाकीट फाडण्याआधी विचारायचं, नंतर नाही. रक्त न थांबण्याचा आजार, पंडुरोग, छाती-खांद्यावर व्रण फुगण्याची सवय असलेल्यांना वेट कपिंग नको.

ड्राय कपिंगचे कप परत वापरता येतात, पण ओल्या फडक्याने पुसून नाही. आधी साध्या साबणाने तेल जायला हवं, कारण तेलावर हायपो काम करत नाही. मग १ टक्का हायपोच्या पाण्यात वीस मिनिटं, व्हॉल्व्हची दांडी वर खेचून, म्हणजे द्रावण आत शिरेल. बाजारातलं हायपो ५ टक्क्यांचं असेल तर २०० मिलिलिटरला ८०० मिलिलिटर पाणी. द्रावण रोज नवं. कालच्या बादलीत क्लोरीनचा नुसता वास उरलेला असतो. नंतर भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर कप धुरकट होतात. हायपो आणि स्पिरिट एका भांड्यात कधीही नको. रोजच्या कामाला ५०-५५ मिलिमीटरचे बारा, ४०-४५चे बारा आणि ३०च्या आसपासचे सहा असे घ्या. एक घाणा भिजत असताना दुसरा हातात राहतो.

ऑटोक्लेव्ह काचेच्या कपांसाठी आणि फोर्सेपसाठी. १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, मोजणी सुरू करायची ती वरच्या कॉकमधून वाफ सलग यायला लागून तो बंद केल्यावर आणि काटा १५वर पोचल्यावर. तिथून वीस मिनिटं, कापडात गुंडाळलेलं असेल तर तीस. हवा वाफेपेक्षा जड असते. कप तोंड वर करून ठेवले की हवा त्यांच्या पोटात साठून राहते, वाफ आत जात नाही, आणि बाहेर लावलेल्या ऑटोक्लेव्ह टेपवरच्या काळ्या रेषा मात्र उमटतात. कप उपडे किंवा आडवे ठेवा. काळ्या रेषा फक्त उष्णता लागल्याचं सांगतात. आत काम झालं की नाही, त्यासाठी कपाच्या पोटात रासायनिक पट्टी टाका. घोडबंदर रोडच्या ज्या इमारतींत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं तिथे ते ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, कॉइलवर चुन्याची साय धरते आणि कॉइल जळते. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन घ्या. गरम काच ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवायची नाही, लाकडी फळीवर किंवा जाड टॉवेलवर.

खरेदी कुठून? ब्लेड, हातमोजे, स्पिरिट, ऑटोक्लेव्ह: ठाणे-वाशीच्या सर्जिकल दुकानांतून, बिघाड झाला तर माणूस जवळ असतो. सुटे हिजामा कप: मुंब्रा-कौशात मापांची निवड चांगली मिळते, शिवाय दुकानदाराला कोणता कप कशासाठी ते ठाऊक असतं, निर्जंतुक पाकिटाची तपासणी मात्र तिथे जास्त काटेकोर करा. हजाराच्या वर माल लागत असेल तर मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक बाजारात जाणं परवडतं, लोकलचं भाडं आणि हमाली धरूनही. ऑनलाइन मागवायचं तर सिलिकॉनचे कप आणि ओ-रिंगसारखं ज्यात माप चुकत नाही तेवढंच. पंप हातात घेतल्याशिवाय घेऊ नये.

बिल पक्कं घ्या. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली निर्जंतुक ब्लेड बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक पाकिटावर असायला हवा. कमी धोक्याच्या अ आणि ब वर्गाच्या देशी मालाला एमडी-५ नमुन्याचा परवाना, आयात मालाला एमडी-१५. विकणाऱ्याकडे विक्रीची नोंदणी, एमडी-४२, आहे का ते विचारायला संकोच करू नका. बिलावर बॅच नंबर लिहून घ्या; पुढे एखाद्या पेशंटची जखम चिघळली तर कोणता लॉट थांबवायचा ते कळतं.

आणि टाकायचं कुठे, ते माल आणण्याआधी ठरलेलं हवं. जैव-वैद्यकीय कचरा नियम २०१६ खाट नसलेल्या दवाखान्यालाही लागू आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा नेणाऱ्या सामाईक केंद्राशी करार, दोन्ही लागतात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, वापरलेले प्लॅस्टिकचे कप, नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, ब्लेड आणि लॅन्सेट पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, फुटलेली काच निळ्या खोक्यात. कपातलं रक्त तसंच बेसिनमध्ये ओतायचं नाही, आधी हायपो. पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद, वरून दाबून जागा करायची नाही. रक्ताच्या कापसाची पिवळी पिशवी ४८ तासांहून जास्त ठेवता येत नाही. महिन्याला ७८० कप म्हणजे लाल पिशव्या किती भरतील, गाडी आठवड्यातून किती वेळा येणार आणि वजनावर पैसे लागणार की महिन्याला ठरावीक, हे कराराच्या कागदावर लिहून घ्या. नाहीतर शनिवारी रात्री पिशव्या सोसायटीच्या जिन्याखाली जातात आणि सोमवारी सेक्रेटरी दारात उभे राहतात.